बिघडलेले थर्मामीटर

वाघोलीच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाला ताप आला, की वरच्या मजल्यावरच्या बाई हटकून बघायला येतात. पोराच्या कपाळावर हात ठेवतात, बराच वेळ काढतच नाहीत, आणि टम्म फुगलेल्या भाकरीकडे बघावं तशा कौतुकाने म्हणतात, "छान तापलंय हो!" निघताना थर्मामीटर मागून नेतात. परत देताना वाक्य ठरलेलं, "अहो, तुमचाही बिघडलाय."

परवा माझी मुलगी खोकून खोकून तापाने फणफणली, तेव्हा बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊनच आल्या. त्यालाही तोच खोकला. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

"डॉक्टर म्हणतात, एवढ्या संसर्गात ताप यायलाच हवा. म्हणे ह्याचं शरीर लढतच नाहीये. काहीतरीच! तुम्हीच हात लावून सांगा."

मी हात लावला. कपाळ माठासारखं गार होतं. पोरगं पापणी न हलवता माझ्याकडे बघत होतं.

"गरम आहे ना हो?"

बाईंचा चेहरा बघून माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

त्या दिवशी त्यांनी थर्मामीटर नेला नाही.