न पडलेला खाडा

ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळीच्या पुढे गोदामांच्या रांगा सुरू होतात, तिथल्या एका गाळ्यात मी चार वर्षं पाण्यात बघत बसले. नोकरी कसली करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगायची, बुडबुडे मोजते. लोकांना ती थट्टा वाटायची. पण माझं काम खरंच तेच होतं.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. आमच्या पट्ट्यात जमीन विकलेल्या प्रत्येक घरापुढं नवी गाडी उभी राहत होती, आणि गाडीला साधी लोखंडी चाकं असली की मालकाला कमीपणा वाटायचा. ॲल्युमिनियमची चकचकीत चाकं हवीत. आमच्याकडे सगळे त्यांना मॅगव्हील म्हणत. ओतलेली कच्ची चाकं बाहेरून टेम्पोने यायची. आमच्या गाळ्यात ती मशीनवर लागायची, तपासली जायची, रंगवली जायची आणि खोक्यात बसून पुढं जायची. बहुतेक मोटारींची, अधूनमधून ट्रकची. ट्रकचं चाक उचलताना भल्याभल्यांना आई आठवायची.

ओतीव धातूत कधीकधी हवा अडकून राहते. वरून चाक अखंड दिसतं, पण आत केसाएवढी वाट असते. असं चाक गाडीला लावलं की रात्रीतून हवा निघून जाते आणि सकाळी टायर जमिनीला टेकलेला असतो. म्हणून चाकाच्या दोन्ही बाजू रबराच्या तबकड्यांनी दाबायच्या, आत हवा भरायची आणि ते पाण्याच्या टाकीत बुडवायचं. बुडबुडा आला की चाक बाद.

ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक चाक पाण्यात जाताना अंगाला चिकटलेले बुडबुडे बरोबर घेऊनच जातं. त्यातला कुठला खरा, हे ओळखायलाच माणूस लागतं. मला ते माझ्या बापानं शिकवलं होतं, चाकासाठी नाही, चिंबोऱ्यांसाठी. ओहोटीला खाडीच्या चिखलात मी त्याच्याबरोबर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायला जायची. तो म्हणायचा, "चिखल पादतो तो बुडबुडा एकदाच येतो गो. चिंबोरी दम घेते ती त्याच जागंवरना, पुन्ना पुन्ना." टाकीवर मी तेच केलं. तळवा फिरवून चाक पुसायचं, पाणी शांत होऊ द्यायचं, थांबायचं. त्याच जागेवरून तिसऱ्यांदा आला की लाल फुली. नाहीतर आतल्या बाजूला पिवळा ठिपका.

पिवळा रंग माझा होता. ती बाटली माझ्या टेबलाच्या खणात असायची. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "पीला टिपका देखो, आँख बंद करके ले जाओ." चार वर्षांत माझ्या ठिपक्याचं एकही चाक परत आलं नव्हतं. शेठनं मला शब्द दिला होता, की चाकाच्या आतलं दाखवणारं एक्स-रेचं मशीन येणार आहे आणि त्याच्यावर मीच बसणार. बारावी नापास पोरगी एक्स-रेवर! मी हे गावभर सांगून ठेवलं होतं. माझं लग्न ठरल्यावर झाला नसता एवढा आनंद मला त्याचा होता.

आमचा सुपरवायझर आमच्याच गावचा, आमच्यापासून चौथ्या घरचा. त्यानंच मला कामाला लावलं होतं. माझ्या बापाला त्यानं सांगितलं होतं, "काका, सख्ख्या बहिणीसारखी सांभाळीन." मी त्याला दादा म्हणायची. आणि खरं सांगायचं तर त्यानं सांभाळलंही. रिक्षांचा संप असला की मोटरसायकलवर मागं बसवून घरी सोडायचा, गाळ्यात कुणी वाकडं बोललं की आधी हा उठायचा. त्याच्या डब्यातलं सुकट मी हक्कानं खायची. तो मुळातच वाईट असता, तर मला हे लिहायला बसावंच लागलं नसतं.

मग माझ्या मोठ्या बहिणीची हळद आली. आमच्या आगरी लोकांत लग्नाला उशीर झालेला एकवेळ चालतो, हळदीला नाही. अख्खा गाव मांडवात असतो. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर, शेठनं सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केलेल्या. मी टाकीपाशी उभी राहून रडत होते. दादा आला आणि म्हणाला, "रडतेस कशाला? तू गप घरी थांब. हजेरी मी लावतो, तुझा खाडा पडायचा नाय. टाकीवर मी बसतो."

खाडा पडला असता तर एका दिवसाचा पगार गेला असता आणि शेठची बोलणी खावी लागली असती, एवढंच. मी ते सहन करायला हवं होतं. पण दादा आपण होऊन देतोय म्हटल्यावर मी डोळे पुसले आणि पिवळी बाटली त्याच्या हातात दिली. वर म्हटलं, "दादा, तू देवमाणूस हायस."

हळदीला तो दिवे लागायच्या आत आला. एवढ्या लवकर कसा, असं माझ्या मनात आलंही नाही. त्याला अजून कुणी हळद लावली नव्हती, तरी त्याचं बोट पिवळं. माझ्या आत्यानं ते बघून ओरडून विचारलं, "काय रं, हलद लागायच्या आगुदर तुझा हात पिवला? कंची गाठलीस?" सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. नंतर तो इतका नाचला, की त्याचा शर्ट पिळून काढावा लागला.

दीड महिन्यानं माल परत आला. शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. दादा आधीच तिथं उभा होता. टेबलावर एक चाक उलटं ठेवलेलं, आत माझा पिवळा ठिपका. शेठ म्हणाला, एका खेपेतली चाकं धडाधड हवा सोडतायत, गिऱ्हाईक पुढचा माल घ्यायला तयार नाही. मी खोक्यावरचा तारखेचा शिक्का बघितला. हळदीचा दिवस.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटका. मी तर त्या दिवशी नव्हतेच! मी दादाकडे बघितलं, आता हा सांगेल म्हणून. तो पंख्याकडे बघत होता. तेव्हा मला त्याचं ते बोट आठवलं. हळद अंगावर वाळते आणि भुरभुर गळते. त्याच्या बोटावरचा पिवळा रंग चकाकत होता, माझ्या बाटलीतला. त्यानं चाकं पाण्यात घातलीच नव्हती. हळद चुकू नये म्हणून ओळीनं ठिपके देऊन तो माझ्याच दारात नाचायला आला होता.

"शेठ, त्या दिवशी मी आलेच नव्हते," मी म्हटलं.

शेठनं मस्टर उघडलं. "हाजिरी तो लगी है. पगार भी लिया तूने."

"ती दादांनी लावली."

शेठनं दादाकडे बघितलं. दादानं हात जोडले. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "शेठ, बच्ची घबरा गयी है. घर में शादी थी, ध्यान नहीं रहा होगा. मेरी बहन जैसी है. इस बार माफ कर दो, काम से मत निकालो."

केसानं गळा कापणं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. ओरडावं तर मी स्वतःच खोट्या हजेरीचा पगार खाल्लेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेठ विरघळला. म्हणाला, इसकी वजह से बच गयी, थँक्यू बोल इसको. माझी टाकी गेली, एक्स-रेचं मशीन तर नावालाही उरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला, दुसऱ्यांनी पास केलेली चाकं प्लास्टिकमध्ये गुंडाळायला.

गाळ्यातली माणसं दादाच्याच हाताखालची, ती बोलणार नव्हती. घरी येऊन मी थयथयाट केला. त्या दिवशी मी कुठं होते, ते पाचशे माणसांनी बघितलं होतं. मी आत्याकडे गेले, म्हटलं, शेठला येऊन सांग. ती म्हणाली, "माला काय म्हाईत? माजा तवा डोला आला व्हता." शेजारणीला आठवतच नव्हतं. शेवटी मी बापाला धरलं. "बाबा, मी त्या दिशी कुटं व्हती?"

"हलदीन व्हतीस," तो म्हणाला.

"मग चल, शेठला सांग."

त्यानं तंबाखू मळून ओठात धरली. मग म्हणाला, "तुज्या भावाला त्यानंच मशीनवर लावलाय. दोन महिने पन नाय झालं." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आनि तुजी खोटी हजेरी लावली, तवा तू कुटं बोल्लीस?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पण तो माझा बाप होता, वकील नव्हता. मला हिशेब नको होता, माझ्या बाजूनं एक माणूस हवं होतं.

पुढच्या रविवारी बापानं पेढ्यांचा पुडा आणला आणि मला म्हणाला, चल. आम्ही चौथ्या घरी गेलो. दादाच्या आईनं चहा ठेवला. दादा खाटेवर बसला होता, मला बघून सरकला, जागा केली. बाप म्हणाला, पोर कामाला राहिली ती तुज्यामुलं. मग माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

मला कुणी मारत नव्हतं, धमकावत नव्हतं. मी उठून जाऊ शकले असते. मी पुडा पुढं केला आणि म्हटलं, "उपकार झाले, दादा."

"येडी का काय तू?" तो म्हणाला. "भाऊ बहिनीवर उपकार करतो का कधी?" आणि हे म्हणताना त्याचे डोळे खरोखर पाणावले.