उमापूरच्या बाकड्यावर बसलेले साहेब

दिगंबरराव गेल्याचे त्यांच्या मुलाने मोबाईलवर एका ओळीत कळवले. मी फोन लावला तेव्हा तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता... त्याला आता महिना होऊन गेला.

दिगंबरराव टेलिफोन खात्यात अधिकारी होते. मी वार्ताहर, बातम्या पाठवायला त्यांच्या गेवराईच्या कार्यालयात रोज जात असे. फोन कधी लागेल हे विचारायला लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहत आणि ते मान वर न करता "बघू" म्हणत. उमापूरचे किराणा व्यापारी विश्वनाथअप्पा यांनी थोरल्या मुलीच्या बारशाच्या सुमारास अर्ज केला होता. फोन लागला तेव्हा ती शाळेत जात होती.

पुढे उमापूरला नवे इलेक्ट्रॉनिक टेलिफोन केंद्र आले. ते मंजूर व्हावे म्हणून दिगंबररावांनी घातलेले हेलपाटे मी पाहिले आहेत. मागेल त्याला फोन मिळू लागला. मग खात्याची कंपनी झाली, गावात खासगी मोबाईल आले आणि लोक तारेचे फोन परत करू लागले. अर्जदाराला आता ग्राहक म्हणायचे, तो आला की उठून नमस्कार करायचा, असे ठरले. त्यासाठी औरंगाबादला प्रशिक्षण झाले. परत आल्यावर ते मला म्हणाले, "आता आमाला हसायला शिकवतेत बे."

फोन असेच परत आले तर उमापूरचे केंद्र बंद होणार, असे वरून कळले. अप्पाही फोन परत करणार होते, आणि तिथली बाजारपेठ अप्पांकडे पाहून चाले. दिगंबरराव त्यांना भेटायला निघाले. मी सोबत होतो. अप्पांनी दुकानाबाहेरचे बाकडे दाखवले. "बसा साहेब. तुमचा नंबर लागला की सांगतो."

गिऱ्हाईक येत-जात राहिले. दुपार कलली. दिगंबरराव घाम पुसत पुनःपुन्हा आत पाहत होते. मी निघू या म्हणालो, तर माझ्यावरच खेकसले. अखेर अप्पा चहा घेऊन बाहेर आले.

"म्या बाकडं तरी दिलं," ते म्हणाले. "तुमी तर कदी बसा बी म्हणला न्हाईत."

दिगंबररावांनी कप खाली ठेवला आणि ते उभे राहिले. "फोन राहू द्या, अप्पा."

आत वळता वळता अप्पा म्हणाले, "बघू."

केंद्र बंद झाले नाही. त्यात अप्पांचा वाटा किती, याची खातरजमा मला करता आलेली नाही. दिगंबरराव निवृत्त होऊन बीडला राहायला गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो. मुलगा म्हणत होता, सगळ्यांकडे मोबाईल आहेत, बाबांचा फोन आता परत करून टाकू. त्याची आई, आमच्या वहिनी, तिथेच बसल्या होत्या. दिवेलागणीला तोच फोन वाजू लागला. दुकान बंद करताना अप्पा रोज लावतात, वहिनींनी मला सांगितले. लाईन चालू आहे का, एवढेच विचारायचे. उचलायचे ते फक्त दिगंबरराव. अप्पा दहाव्याला येऊन गेले, तरी रोज लावतात. महिनाभर कुणी उचललेला नाही...

मुलगा जागचा हलला नाही. वहिनी उठल्या. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाशी धरला.

"हां, अप्पा," त्या म्हणाल्या. "चालू आहे."