भाऊ नकाशावर दिसेना

गाव सोडलं त्या दिवशी आई एसटीच्या दारात उभी राहून ड्रायव्हरला म्हणाली, "पोरगी पोचली का नाय, येताना सांगा बरं." सलग दुसरा दुष्काळ होता. आम्ही नवरा-बायको अजिंठ्याकडून शहरात चिकलठाण्याला, कारखान्याजवळच्या एका खोलीत आलो. संध्याकाळी परतलेल्या गाडीनं निरोप दिला, तेव्हा कुठं आई जेवली म्हणे.

पन्नाशीत मी हौशी रेडिओचं, बिनतारी सेटवर बोलायचं लायसन काढलं. कुणी शिकवलं नाय, आपलं आपणच. माझ्या नादानं गावाकडं दत्तूनं, धाकट्या भावानं, पण काढलं. तो पाण्याचा टँकर चालवायचा. गाडीतला सेट दर दोन मिनिटांनी 'मी इथं आहे' एवढं सांगायचा, डोंगरावरचा सेट ते झेलून पुढं द्यायचा, आणि माझ्या नकाशावर दत्तूचा ठिपका सरकायचा. घाटात मोबाईल लागत नाय, त्यामुळं मला तेवढाच आधार.

पुढं आमच्या भोवती इमारती उठल्या. भावाचा आवाज अडेल म्हणून मी गच्चीवरचा खांब वाढवला, ताकद वाढवली, कानावर पडेल ते सगळं माझ्या सेटवरनं पुढं पाठवायला लागले. वाटायचं, लई उपकार करतेय.

परत दुष्काळ पडला. एका दुपारी ठिपका घाटाच्या तोंडाशी थांबला तो थांबलाच. तास झाला. ब्रेक धरत नाय असं दत्तू कालच म्हणाला होता. वहिनीला फोन लावला. "आले नाय हो अजून. आणि तिथून वाटा तीन फुटतात, माणसं कुठल्या वाटेनं धाडू?"

औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रझियाला फोनवर विचारलं. तिनं आपल्या सेटवर कान दिला आणि ओरडलीच, "मावशी, तुम्हारा सेट लई बोलता! पहले उसको चुप करो."

"अगं, बंद केला तर दत्तू कसा दिसंल?"

"चालू है इसलिए तो नहीं दिखता! आवाजाची वाट सगळ्यांची एकच, एका वेळी एकानंच बोलायचं. डोंगरावाला तुमचंच ऐकत बसलाय. दत्तूभाईचा बारीक आवाज त्याला कधी ऐकू येणार?"

बटण दाबलं, पुढं पाठवणं बंद केलं. रझियानं शहरातल्या बाकीच्या सेटवाल्यांनाही गप्प केलं. आता खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

ठिपका उमटला. मधल्या वाटेवर, उताराला.

वहिनीला वाट सांगितली. माणसं पोचली तेव्हा टँकर कलंडलेला, दत्तूचा पाय खाली अडकलेला. शुद्धीवर होता. दवाखान्यात मला बघून म्हणतो कसा, "ताई, लहानपणापास्नं तू मला बोलूच दिलं नाय!"

मी हसले, आणि मग लई रडले.

आता शहरातल्या सेटांनी ऐकायचं, पुढं द्यायचं काम डोंगराचं, उभ्या गाडीनं दर दोन मिनिटांनी नाय, मधून मधूनच बोलायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पहिली चूक माझी, हे मीच सगळ्यांना सांगितलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठलं म्हणून विचाराल तर मला चिकलठाणाही सांगता येत नाय, गावही नाय. दत्तू जरा लंगडतो, पण टँकर चालवतो. रोज संध्याकाळी मी सेटपुढं गप्प बसते. ठिपका त्याच्या दारात थांबतो. मग मी ताट वाढून घेते.