पडद्यामागची गादी

बरकतपुऱ्यातल्या एका बालवाडीत मी दोन-तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळायचे. भाड्याच्या घराचा पुढचा हॉल म्हणजे आमचा वर्ग. चारी भिंतींवर प्राणी, फळं, गाड्या, अक्षरं. बोटभर जागा मोकळी नव्हती. छत उंच, फरशी गुळगुळीत. एक मूल रडलं की हॉलभर आवाज घुमायचा आणि मग सगळीच रडायला लागायची.

त्या वर्षी अडीच वर्षांची एक मुलगी आली. आई-वडील नोकरीसाठी पुण्याहून आलेले. घरी मराठी आणि वर्गात तेलुगू, दखनी; तिला कुणाचं काही समजायचं नाही. गोंगाट वाढला की ती कानांवर हात ठेवायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही की शेजारच्या मुलाला चावायची.

एका शनिवारी मी मागे थांबले. एका भिंतीवरची सगळी चित्रं उतरवली. खेळण्यांचं कपाट सरकवून त्यामागे लहानशी जागा केली. घरची जुनी गादी, दोन उश्या आणि माझ्या फिकट निळ्या सुती साडीचा पडदा. तोही अर्धाच, म्हणजे आतल्या मुलाला आम्ही दिसू आणि आम्हाला ते. सोमवारी तिनं कान झाकले तशी मी तिला घेऊन तिथे बसले. तिचा श्वास संथ होईपर्यंत काही बोलले नाही.

असं महिनाभर चाललं. मग एका सकाळी ती आपणहून उठली, आत गेली, उशी पोटाशी धरून बसली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन ठोकळे रचू लागली.

"देखो टीचर, खुद गयी, खुद आयी!" आमच्या आयाबाई म्हणाल्या. मला रडूच आलं.

नंतर मला टायफॉइड झाला. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा पडदा जमिनीपर्यंत ओढलेला होता. मुलीचा हात धरून मी तिकडे वळले, तर ती अंग टाकून खाली बसली.

"नको टीचर, मी नाही चावले! मी शहाणी आहे!"

मी आयाबाईंना विचारलं. त्या ओशाळल्या. "वो बदली की टीचर, जो बच्चा रोया उसकू अंदर बिठाते थे, पर्दा डालके. मैं समझी, वो इसीच वास्ते है."

त्यांना काय बोलणार? ती जागा कशासाठी आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बघितलं की कळेलच, असं धरून चालले होते.

पडदा मी काढून टाकला. गादी उजेडात आणली, रोज स्वतः तिच्यावर बसून पाहिलं. इतर मुलं आली. ती आली नाही. तिचं चावणं थांबलं, रडणंही थांबलं. कितीही गलका झाला तरी असेल तिथे ताठ बसायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

एकदा तिची आई म्हणाली, "मॅडम, किती शांत झाली हो ही! घरीसुद्धा कोपऱ्यात बसवते म्हटलं की लगेच ऐकते."

मी तिला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "पण आता त्रास तर देत नाही ना?"

वर्ष संपल्यावर त्यांनी मुलीला नारायणगुड्याच्या मोठ्या शाळेत घातलं. शेवटच्या दिवशी मी हात पुढे केला, तेव्हा तिनं शहाण्यासारखा माझ्या हातात हात दिला आणि मी सोडेपर्यंत तो तसाच राहू दिला.