अर्धा सूर खाली

काळजी करायला कारण लागतं असं आपण समजतो. मावशीला ते लागत नसे. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत यायची, आणि मग या येरझाऱ्यांत उशीर झाला याची काळजी करत बाहेर पडायची. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि चौकटीत बसवायची. केसभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून एकेक भिंग चारदा मोजायची. मालक म्हणायचा, तुमच्या हातचा चष्मा कधी परत येत नाही, पण वेळेवर जातही नाही.

संध्याकाळी मात्र ती मुलींच्या गायनवृंदाला पियानोची साथ करायची. एक नाही, दोन नाही, एकतीस वर्षं. समोर छापील कागद असला की तिचा हात चुकत नसे, आणि कागद काढून घेतला की तिला वाढदिवसाचं गाणंसुद्धा वाजवता येत नसे. वृंदातल्या सगळ्या मुली तिला मावशीच म्हणत. खरी मावशी ती त्यांतल्या एकीचीच होती.

ती एक म्हणजे लवंगी, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय बारा, अंगाने काडी आणि जीभ तिखट, म्हणून घरात हे नाव पडलेलं. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला आणि पहिल्या रांगेतलं कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून पोरीने गाणं सोडलं. मला वरचं येत नाही, एवढंच म्हणायची. मावशीने वर्षभर तिच्यामागे भुणभुण लावून तिला परत सरावाला आणलं होतं.

आता खरी गोष्ट. भिंगात केसभर चूक न चालवून घेणाऱ्या या बाईने पियानोत अख्खा अर्धा सूर चालवून घेतला होता.

वृंदाचं पन्नासावं वर्ष सुरू व्हायच्या आधी पियानो लावणारे काका आले होते. सरावाच्या हॉलमधला पियानो जवळजवळ वृंदाच्याच वयाचा. काकांनी आत डोकं घालून बघितलं आणि सांगितलं की तारा थकल्या आहेत, नेमक्या सुराला ताणल्या तर तुटतील. त्यापेक्षा सगळाच पियानो अर्धा सूर उतरवून लावतो. आपापसात सगळं बरोबर वाजेल, कोणाला पत्ताही लागणार नाही. तेव्हा हॉलमध्ये मावशी एकटीच होती. तिने हो म्हटलं आणि संध्याकाळी बाईंना सांगायचं ठरवलं.

बाई म्हणजे वृंद शिकवणाऱ्या. माझा कान चुकत नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. त्या संध्याकाळी लवंगी सरावाला आली, भीतभीत गायली आणि वरच्या सुरावर अलगद जाऊन बसली. सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, "बघितलंत? श्वासाचे नवे व्यायाम दिलेत ना मी, त्याचा गुण." लवंगी घरी जाताना मावशीचा हात धरून चालली. वर्षभरात पहिल्यांदा. आता सांगा, अशा वेळी कोण तोंड उघडेल?

मावशीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. हंगामाचे सगळे कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, त्याच पियानोवर झाले आणि झकास झाले. यंदा मुलींचे आवाज उघडले आहेत, हे बाईंनी भाषणात सांगितलं, मग वर्तमानपत्राला सांगितलं. प्रत्येक वेळी मावशी पियानोचं झाकण उगाच पुसत बसायची. मग बाईंनी जाहीर केलं की पन्नासाव्या वर्षाची सांगता मोठ्या नाट्यगृहात होणार, एक नावाजलेली जॅझ गायिका पाहुणी म्हणून आपल्या वादकांसह येणार आणि शेवटचं गाणं ती लवंगीबरोबर गाणार. टाळ्या वाजल्या. मावशीला एवढंच दिसलं की मोठ्या नाट्यगृहातला पियानो नेमक्या सुराला लावलेला असतो. तिथे लवंगीचा वरचा सूर अर्ध्या पायरीने आणखी वर सरकणार होता, आणि पोरीला त्याची कल्पनाही नव्हती.

महिनाभर ती धड झोपली नाही. दुकानात एकदा उजवं भिंग डाव्या बाजूला बसवलं. हळूहळू सराव करून लवंगीचा गळा वर न्यावा म्हणावं, तर जुना पियानो वर जायचा नाही. बाईंना सांगावं, तर त्या वर्तमानपत्रात बोलून बसल्या होत्या. आणि लवंगीला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? जो लागला म्हणून तू टिकलीस, तो सूर तो नव्हताच, असं? रोज सकाळी ती आज सांगते म्हणायची आणि रोज संध्याकाळी पियानोचं झाकण लावून घरी जायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नाट्यगृहात तालीम होती. पाहुणी आली ती गुडघ्याला पट्टा बांधून, जिना चढताना गुडघ्यालाच शिव्या घालत. मागे ड्रमवाला, सॅक्सोफोनवाला आणि माणसाएवढं बासचं वाद्य कवटाळलेला एक दाढीवाला. मुली आ वासून बघत राहिल्या. गाणं छापलेलं होतं पांढरी पाचच्या पट्टीत. मावशीने सुरुवात केली. पहिल्याच ओळीला लवंगीने कपाळाला आठी घातली, कारण ओळखीच्या घरातलं सामान कोणीतरी हलवावं तसं तिला झालं असणार. वरच्या सुराशी आवाज फाटला. परत केलं, परत फाटला. तिसऱ्या वेळी ती गायलीच नाही. वाद्यं थांबायच्या आत ती मंचावरून खाली उतरली आणि मागच्या जिन्यात जाऊन बसली.

बाई म्हणाल्या, घाबरली आहे, येईल. मावशी उठली. आता झाकली मूठ झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. ती पाहुणीजवळ गेली आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, ही संतापेल. पाहुणी गुडघा चोळत म्हणाली, "ताई, माझा गळा रोज वेगळ्या जागी उठतो. आम्ही रोज त्याला विचारूनच सुरुवात करतो. गाणारी सूर सांगते, बाकीचे मागून जातात. अर्धा सूर म्हणजे आम्हाला काही ओझं नाही. पण पोरींना हे तुम्हीच सांगायचं. मी नाही."

मावशीने सांगितलं. मंचावर चाळीस मुली, बाई आणि जिन्यातून हाताला धरून आणलेली लवंगी. मावशी खाली बघून बोलत होती आणि एक वाक्य दोनदा बोलली. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या, आणि तो चष्मा मावशीनेच बनवलेला होता. लवंगीने एकच विचारलं.

"म्हणजे मला तो सूर कधी लागलाच नव्हता?"

उत्तर न ऐकताच लवंगी मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि नंतर दुपारभर तिने मावशीकडे पाहिलं नाही. रागावली असती, चार शब्द तोडून बोलली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं.

ठरलं असं की गाणं काळी तीनपासून, म्हणजे अर्धा सूर खाली करायचं. वादक म्हणाले, ठीक. मावशीला ते ठीक नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यांवरचं सगळं गाणं आता काळ्यांवर चढणार होतं आणि छापील कागद कामाचा नव्हता. तिने पेन्सिल घेतली आणि पडद्यामागे खोक्यावर बसून सूर न् सूर नव्याने लिहायला लागली. लिहायची, खोडायची, परत लिहायची. दुसऱ्या पानावर रबराने कागदच फाटला. बाहेर लोक येऊन बसायला लागल्याचा आवाज येत होता.  एकतीस वर्षांत जे केलं नाही ते आज, भरल्या नाट्यगृहात, अर्धवट वाचता येणाऱ्या कागदावरून करायचं होतं. आणि ती चुकली की पोरगी दुसऱ्यांदा तोंडावर पडणार होती, या वेळी मावशीमुळे. डोळे पुसायला ती दोनदा थांबली. समोरच्या पडद्याच्या फटीत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, पण वर बघायला सवड नव्हती.

संध्याकाळी कार्यक्रम नीट झाला, शेवटच्या गाण्यापर्यंत. मावशीने पेन्सिलीची पानं समोर मांडली. छापील कागद त्यांच्या मागे राहिला. पाहुणी पुढे आली, लवंगीला आपल्या शेजारी बोलावलं आणि माइक बाजूला करून, रोज स्वतःच्या गळ्याला विचारत असेल तसं, विचारलं, "कुठून?"

लवंगीने काळी तीन म्हणायचं, असं ठरलं होतं. त्याऐवजी ती चालत पियानोपाशी आली. मावशीला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर निघून जाणार. लवंगीने हात लांबवला, पेन्सिलीची पानं उचलून मागे टाकली, छापील कागद पुढे ओढला आणि एक पट्टी दाबली.

पांढरी पाच.

"इथून," ती म्हणाली.

"अगं, नको," मावशी पुटपुटली. "वरचा सूर..."

पण दाढीवाल्याने ती पट्टी ऐकली होती आणि त्याचा बास सुरूही झाला होता. मावशीचे हात आपोआप उठले. छापील कागद समोर असला की ते चुकत नसत, आणि आजही चुकले नाहीत. मात्र आतून ती एकेक ओळ मोजत होती. तीन ओळी राहिल्या. दोन. वरचा सूर आला.

लवंगी त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. उडी मारलीच नाही. तिने सगळ्यांसमोर एक श्वास घेतला आणि मग त्याच्या खालचा एक सूर घेतला, जो कागदावर कुठेच नव्हता. तो तिने धरून ठेवला आणि सावकाश उतरत मूळ सुरावर, घरी आली. पाहुणी मोठ्याने हसली आणि तीच ओळ तशीच, आपल्या जाड आवाजात परत गायली. वृंदातल्या दोघी गोंधळून आधीच सुरू झाल्या, बाईंचा हात क्षणभर हवेत अडकला, मग कसंबसं सगळं एकत्र आलं. काही अगदी नेटकं झालं नाही. पण आवाज फाटला नाही आणि कोणी हसलं नाही. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मावशीला विचारू नका, ती तेव्हा दोन्ही हात मांडीवर दाबून बसली होती.

पडदा पडल्यावर बाई पियानोजवळ आल्या. जुन्या पियानोच्या तारा बदलून घ्यायला हव्यात, एवढंच म्हणाल्या आणि मुलींकडे गेल्या.

लवंगी पेन्सिलीची पानं गोळा करत होती. मावशीने तिचा दंड धरला.

"का गं? काळी तीनपासून तुला सहज लागला असता."

"मला लागला असता," लवंगी म्हणाली. "पण तुला वाजवता आलं नसतं. मी पडद्यातून बघितलं. कागद फाटला होता आणि तू रडत होतीस."

 लवंगीने फाटकं पान नीट घडी करून तिच्या पिशवीत ठेवलं.

"तसाही तो वरचा सूर मला येत नाही," ती म्हणाली. "तुला काळी तीन येत नाही. झाली फिट्टंफाट. चल, घरी."