ग्लासात पाणी नव्हतं

सरांनी माझ्यादेखत ग्लासातलं पाणी खिडकीतून बाहेर फेकलं आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

"नाटकात पाणी लागत नाही," ते म्हणाले.

शनिवार होता. नववीचा वर्ग. इंग्रजी संवादाचा तास. स्नेहल मालकीण, मी कामवाली. स्नेहलने खुर्चीत बसायचं, टेबलावरची घंटी वाजवायची आणि म्हणायचं, ब्रिंग मी अ ग्लास ऑफ वॉटर. मी म्हणायचं, येस मॅडम. ग्लास आणून द्यायचा. तिने प्यायचं. मग ती आणखी सहा वाक्यं बोलणार. पाहुणे किती येणार, बाजारातून काय आणायचं, पडदे कोणते लावायचे. तिच्या प्रत्येक वाक्याला माझं एकच. येस मॅडम.

आधीच्या शनिवारी मी तास सुरू झाल्यावर पोचले होते. आईसोबत धानाचे परे, भाताची रोपं, उपटायला शेताच्या बांधीत गेले होते. पायाचा चिखल तसाच होता. दारात उभी राहिले. आत माझ्या जागी कुंदा कामवाली झाली होती. तिच्या हातातल्या ग्लासात पाणी होतं. स्नेहल ते घटघट प्याली, ओठ पुसले, पोरी हसल्या.

त्या दिवशी नाटकात पाणी लागत होतं.

कुंदा गावातली. मी गावाबाहेरच्या मोहल्ल्यातली. स्नेहल जुन्या मालगुजाराच्या घरची. आजोबांच्या वेळेपासून आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, पण गावाच्या डोक्यात आमची जागा हलली नव्हती. तोंडावर कोणी शिवी देत नसे. सर तर शिकलेला माणूस. इंग्रजीत एम.ए. मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त पाणी फेकलं.

गाव तुमसर तालुक्यातलं, पार मध्य प्रदेशच्या अंगाला. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गावाबद्दल बोलतात, पाण्याबद्दल बोलत नाहीत.

सरांची एक निळी वही होती. तिच्यात संवाद लिहिलेले. साहेब आणि शिपाई. डॉक्टर आणि पेशंट. दुकानदार आणि गिऱ्हाईक. मालकीण आणि कामवाली. सर म्हणायचे, पुस्तक वाचून भाषा येत नाही, तोंड उघडलं की येते. हे खरं होतं. मी आजही म्हणते की पद्धत चांगली होती. त्यांनी भूमिका वाटल्या तिथे घाण होती. जूनमध्ये ज्याला जे मिळालं ते मार्चपर्यंत. पुढच्या बाकावरचे साहेब, डॉक्टर, मालकीण. मागच्या बाकावरचे शिपाई, पेशंट, कामवाली. पेशंटला नुसतं कण्हायचं असायचं. एक पोरगा वर्षभर इंग्रजीच्या तासाला कण्हला.

मी भाव करणाऱ्या बाईची पोरगी. आई बिड्या वळायची. कारखान्याचा माणूस बिड्या तपासताना वाटेल तेवढ्या खराब म्हणून बाजूला काढायचा. आई त्याच्यासमोर बसून एकेक बिडी उचलून विचारायची, हिच्यात काय खराब आहे ते दाखव. निम्म्या तरी परत घ्यायला लावायची. मी तिच्या शेजारी बसून हे पाहत मोठी झाले. म्हणून तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेले आणि वाक्यं मागितली.

"सर, मले तीन वाक्यं द्या."

सर चालतच राहिले. मी म्हटलं, दोन द्या. मग म्हटलं, एकच द्या, पण येस मॅडम नको, पूर्ण वाक्य द्या. तेव्हा ते थांबले. हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाजार समजली काय व? पुढे तुले जेवढं इंग्रजी लागन, तेवढं देऊन राहिलो. जास्तीचं नेऊन काय करशीन?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. माणसाचं पुढचं सगळं आयुष्य दोन शब्दांत मोजून हातात ठेवलं होतं त्यांनी.

मी घरी काही सांगितलं नाही. स्नेहलची सातही वाक्यं पाठ केली. वही नव्हती, कानाने केली. दर शनिवारी तिच्यासमोर रिकामा ग्लास धरून उभी असायचे. कान मोकळेच होते.

दिवाळीनंतर भंडाऱ्याहून अधिकारी तपासणीला येणार होते. सरांनी त्यांना दाखवायला आमचाच संवाद निवडला. महिनाभर तालीम. माझ्यासाठी एक जादा काम निघालं. स्नेहल आत येण्याआधी मी फडक्याने खुर्ची पुसायची. सर म्हणाले, त्याने खरं वाटते.

तो दिवस. मागे अधिकारी, त्यांच्याजवळ संस्थेची दोन माणसं, भिंतीला टेकून सर. स्नेहल दाराबाहेर, नवी ओढणी घेऊन. टेबलावर ग्लास. मी आत आले. खुर्ची पुसली. चांगली पुसली, पाठ आणि दोन्ही हात. मग फडकं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले.

मी हे ठरवलं होतं का? नाही. पुसून झालं तेव्हा ती खुर्ची मला माझी वाटली. एवढंच.

घंटी वाजवली. दाराकडे पाहून म्हटलं, "ब्रिंग मी अ ग्लास ऑफ वॉटर."

 स्नेहल दारात तशीच. तिने सरांकडे पाहिलं. सर अधिकाऱ्यांकडे पाहत होते. मग पाठांतराने तिला धरलं. समोरून ते वाक्य आलं की त्याचं उत्तर येतं, हे तिने महिनाभर ऐकलं होतं.

"येस, मॅडम," स्नेहल म्हणाली.

आली. टेबलावरचा ग्लास उचलला. दोन्ही हातांनी मला दिला. मी तोंडाला लावला, खाली घेतला आणि वर्गासमोर उलटा धरला. एक थेंब पडला नाही. पुढचं वाक्य वहीत नव्हतं. ते माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः केलेलं इंग्रजी वाक्य.

"देअर इज नो वॉटर इन धिस ग्लास."

अधिकारी खूश होऊन हसले. टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलं आहे. मग मी उरलेली सहा वाक्यं म्हटली आणि स्नेहल प्रत्येकाला येस मॅडम म्हणत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. पण मी थांबले नाही, हेही लिहून ठेवते. अधिकाऱ्यांनी शेरेबुकात सरांची स्तुती लिहिली. सरांनी हात जोडले.

मला मार पडला नाही. सर हुशार होते. त्यानंतर संवादाच्या तासाला मला काहीच मिळालं नाही. येस मॅडमसुद्धा नाही. उरलेली नववी आणि सगळी दहावी मी त्या तासाला तोंड मिटून बसले. मी हात वर केला की सर माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहायचे. दहावीच्या तोंडी परीक्षेला त्यांनी एक प्रश्न विचारला. मी उत्तर देत होते तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते, जिथे पाणी फेकलं होतं तिथे. तोंडीत वर्गात सगळ्यात कमी गुण माझे. इंग्रजीत तीन गुणांनी गेले. बाकी सगळ्या विषयांत पास.

पुन्हा परीक्षेला बसायला घरातून नकार आला. पुढच्या वर्षी लग्न.

आता मी पितळेची मोड घेते. स्कूटीवर वजनकाटा बांधून गावोगाव फिरते, पाणी भरायचे जुने गुंड, हंडे, समया विकत घेते आणि भंडाऱ्याला दुकानदारांना देते. नवऱ्याची नोकरी वरठीच्या बाजूला होती, ती गेली, तेव्हा सुरू केलं. सुरुवातीला दुकानदार मला बाहेरच्या पायरीवर उभं ठेवायचे. आता खुर्ची देतात. प्रेमाने नाही देत. माझ्याशी भाव करायला वेळ लागतो म्हणून देतात. माझं तोंड वाईट आहे असं बाजारात म्हणतात. आहे. गप्प बसून काय मिळतं ते मी तीन गुणांनी शिकले.

माझी पोरगी यशू यंदा नववीत आहे. त्याच संस्थेच्या इकडच्या शाळेत. सर बदलून याच शाळेत आले आणि आता मुख्याध्यापक आहेत, हे मला प्रवेश घेताना माहीत होतं. जवळ दुसरी शाळा नाही. मला वाटलं, इतकी वर्षं झाली. माणूस बदलतो. पोरांच्या हातात मोबाइल आले, वर्गात भिंतीएवढा पडदा आला. मी व्यवहारात एवढी हुशार, आणि इथे वाजवून न पाहता भांडं घेतलं.

गेल्या आठवड्यात यशू खुशीत घरी आली. शाळेत इंग्रजी दिवस आहे, पालक येणार, पाहुणे येणार, आणि ती नाटकात आहे. मी विचारलं, काय आहेस? ती म्हणाली, कामवाली.

"लय सोपं आहे माय. खुर्ची पुसायची अन् येस मॅडम म्हणायचं. एकच वाक्य आहे. बाकीच्या पोट्ट्या पाठ करून करून थकल्या."

ती हसत होती. ते हसणं मला सरांच्या हसण्याहून जास्त लागलं. मी कणीक मळत होते. हात थांबवला नाही. खाली पाहतच विचारलं, ग्लासात पाणी असते का गं?

"नाही. हेडसर म्हणतात, नाटकात पाणी लागत नाही."

तिला काही सांगितलं नाही तेव्हा. जेवण झाल्यावर सांगितलं. सगळं. खिडकी, कुंदा, खुर्ची, तीन गुण.  ती म्हणाली, "जाऊ दे ना माय. मले बी तोंडीत नापास करतीन." पोरगी घाबरली होती, आणि तिचं घाबरणं खरं होतं.   मी तिला फक्त सात वाक्यं शिकवली. त्या रात्री चार, दुसऱ्या दिवशी तीन. मला एकही अडलं नाही.

सोमवारी शाळेत गेले. सरांनी आधी ओळखलं नाही. ताई, बसा म्हणाले. मी नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण टेबलावरचा पेन त्यांनी उगाच उचलून खिशाला लावला. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर काचेत एक कागद होता. शेरेबुकातल्या त्या तपासणीच्या शेऱ्याची मोठी केलेली प्रत. मी उभी राहून वाचली. भूमिकांची अदलाबदल करून इंग्रजी संभाषण शिकवण्याची पद्धत उल्लेखनीय, असं लिहिलं होतं. खाली सही. खाली शिक्का.

मोडीच्या धंद्यात एक गोष्ट शिकले. समोरच्याला काय जपायचं आहे ते कळलं की भाव आपोआप कळतो.

मी म्हटलं, सर, हा कागद माझा आहे. अदलाबदल मी केली होती. तुम्ही आधी केली नव्हती, नंतरही केली नाही. मालकीण गावच्या डॉक्टरची पोरगी होती, ती भूमिका मी यशूसाठी मागितली. सर म्हणाले, कार्यक्रम शनिवारी आहे, पोरींचं पाठ झालं आहे, आता बदल होत नाही. दोन वाक्यं वाढवून देतो म्हणाले. मग तीन म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्या तीन वाक्यांची वेळ कधीच गेली होती. शेवटी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की देऊ.

पुढच्या वर्षी! सर उन्हाळ्यात रिटायर होतात. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.

"अहो ताई, कोणीतरी कामवाली होणारच ना," ते म्हणाले.

"हाव. होईन ना. एका शनिवारी माही पोरगी, दुसऱ्या शनिवारी डॉक्टरची. अन् ग्लासात पाणी दोघींच्या बी हातात."

 मी शेवटचा भाव सांगितला. यशूला खुर्ची द्या, नाहीतर भिंतीवरचा कागद खाली उतरवा. दोन्हीपैकी एक. उधारी नाही. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि मला दार दाखवायला सांगितलं. शिपाई म्हणाला, येस सर. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याच वयाचा होता. कुठल्या बाकावर बसायचा, ते विचारायची गरज नव्हती.

आज शुक्रवार. कागद अजून भिंतीवर आहे. यशूच्या वहीत अजून एकच वाक्य आहे. ती मला म्हणाली, तू नको येऊ. मी येणार. तोंडी परीक्षेत तिचे गुण कापले, तर त्या गुणांसाठीही भांडणार, एकेक गुण बिडीसारखा उचलून विचारणार, ह्याच्यात काय खराब आहे ते दाखवा.

उद्या मी पहिल्या रांगेत बसणार. यशू खुर्ची पुसेल, तोवर बसून राहीन. पुसून झाल्यावर त्या खुर्चीत ती बसली तर ठीक. ती घाबरली, तर मी उठेन, पाहुण्यांसमोरून चालत जाईन आणि स्वतः त्या खुर्चीत बसेन. घंटी वाजवेन. सातही वाक्यं मला पाठ आहेत.

आणि पाणी सर आणतील. भरलेला ग्लास.