उभे धरलेले वल्हे

जे पत्नीला सांगितले नाही, रोजनिशीत लिहिले नाही, ते तुम्हाला सांगायला बसलो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. क्रमाने सांगतो. एकतीस वर्षे इंदूरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला. क्रम सोडून मला बोलता येत नाही.

समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरातला मास्तर कयाक चालवतो, याचे लोकांना हसू येते. कयाक म्हणजे एकट्याने बसायची निमुळती, हलकी होडी. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती. शहराबाहेरच्या तलावावर मी ती शिकलो, मग इतरांना शिकवू लागलो. दर डिसेंबरात पाच-सहा जणांना घेऊन कोकणात, देवगडच्या बाजूच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊ लागलो. तिथल्या खडकांचे नकाशे मी हाताने काढले होते. लाटा घड्याळ लावून मोजल्या होत्या. या बाबतीत इंदुरात माझ्या तोडीचा कोणी नाही — हे वाक्य मी मनाशी फार वेळा म्हटले आहे.

केदार माझा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा. प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहायला घ्यायचा, आणि त्यावरून मी त्याला वर्गासमोर पुष्कळ बोललो आहे. बारावीनंतर तो कुठेकुठे भटकला आणि न्यूझीलंडला समुद्री कयाकचा वाटाड्या झाला. लोकांना खडकांमधून सुखरूप नेणे, हे त्याचे काम. सुटीवर आला तेव्हा मला नमस्कार करायला घरी आला. मीच म्हटले, आमच्याबरोबर चल, पाहुणा म्हणून.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळले. त्याच्या वल्ह्याचा आवाज होत नव्हता. माझ्या माणसांनी मला विचारायचे प्रश्न त्याला विचारायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर त्याने माझे मनगट हळूच धरून वळवले, माझी पकड दुरुस्त केली, आणि बाकीच्यांकडे पाहून खास इंदुरी ढंगात म्हणाला, "बघा भिया, सर वल्हंपण फूटपट्टीसारखं पकडतात. सांभाळून बरं का, हातावर बसेल."

सगळे हसले. मीही हसलो. त्याने ते प्रेमाने म्हटले होते — हे मला तेव्हाही समजत होते. मग राग कशाचा आला? प्रेमाचाच, बहुधा. त्याला माझी भीती उरली नव्हती.

आता पुढचे नीट समजून घ्या. तिथे एक भूशिर आहे आणि त्याच्यापुढे एक सुटा खडक. दोहोंमधून अरुंद वाट जाते. वाटेच्या अलीकडे थांबलेल्याला खुला समुद्र दिसत नाही. पलीकडे असलेल्याला दिसतो. म्हणून माझी पद्धत अशी होती: मी आधी पार व्हायचे, पलीकडे थांबायचे आणि एकेकाला खूण करायची. वल्हे डोक्यावर उभे धरले की या. आडवे धरले की थांबा. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, त्या टोळीने येतात — बराच वेळ शांतता, मग लागोपाठ तीन. त्या तीन ओसरल्या की एकाला बोलवायचे.

त्या दिवशीही चौघे सुखरूप आले आणि माझ्याकडे पाठ करून पुढे गेले. शेवटी केदार. सर्वांत कसलेला शेवटी, हाही माझाच नियम. मी क्षितिजाकडे पाहिले. पाण्यावर गडद पट्टी उठली होती. तिच्यामागे दुसरी. मला मोजता येत होते — तेवढेच तर मला येत होते.

मी वल्हे उभे धरले.

त्याला स्पष्ट दिसावे म्हणून दोन्ही हात सरळ ताणले. तो लगेच निघाला. का निघणार नाही? समोर सर होते.

तो मरावा असे मला वाटत नव्हते. तो उलटावा, नाकातोंडात पाणी जाऊन धडपडत वर यावा, आणि सर्वांनी वळून ते पाहावे — एवढे हवे होते. हे समर्थन म्हणून सांगत नाही, मोजमाप म्हणून सांगतो. माझे मोजमाप चुकले. दुसऱ्या लाटेने त्याला उचलून खडकावर आपटले. खांदा निखळला, कपाळ फुटले. कोळ्यांच्या होडीने त्याला किनाऱ्यावर आणले.

वाळूवर, कपाळाला कोणाचा तरी पंचा दाबून धरून, त्याने मला विचारले, "सर, तुम्ही उभं धरलं होतं ना? मला तर उभंच दिसलं."

सगळे ऐकत होते. तो आरोप करत नव्हता — खात्री करून घेत होता.

"आडवं होतं, केदार," मी म्हणालो. "तुझी जुनी खोड. प्रश्न पूर्ण वाचायचा नाही आणि उत्तर लिहायला बसायचं."

त्याने पंचा कपाळावर आणखी घट्ट दाबला. मग म्हणाला, "सॉरी सर."

खांदा तीन महिन्यांत बरा झाला. पण आपल्याला खूण उलटी दिसली, हे त्याने न्यूझीलंडच्या आपल्या मालकांना स्वतःच कळवले. ते त्याला ठेवून घ्यायला तयार होते. तोच तयार नव्हता. ज्याला उभे-आडवे कळत नाही त्याने लोकांना खडकांत नेऊ नये, म्हणाला. आता तो इंदूरच्या सराफ्यात, सोन्याचांदीच्या एका पेढीवर काम करतो. मी एकदा तिथे बसलो होतो. तराजूवरचा आकडा तो स्वतः वाचतो, आणि तरीही शेजारच्याला विचारतो, "भिया, जरा देख लेना, किती दिसतंय?" शेजारचा न कंटाळता सांगतो. सवय झाली आहे त्याला.

आणि मी? मी तलावावर नव्या मुलांना हा प्रसंग सांगतो. खुणेकडे दुर्लक्ष केल्याचे उदाहरण म्हणून, त्याचे नाव घेऊन. एकदा तो स्वतः तिथे हजर होता. मी थांबलो नाही. त्याने मान डोलावली.

गेल्या महिन्यात तो घरी आला. डोळ्यांच्या तीन डॉक्टरांचे कागद बरोबर होते. समोर बसला, कागद नीट सरळ करून माझ्यापुढे ठेवले. नजरेत काहीच दोष नाही, असे तिघांनीही लिहिले होते.

"मग दोष कुठे असेल, सर?" त्याने विचारले. शाळेत कधी विचारला नाही इतका सावकाश, पूर्ण प्रश्न.

मी चष्मा लावला. तिन्ही कागद शेवटपर्यंत वाचले.

"एकाग्रतेत," मी म्हणालो.

त्याने कागद गोळा केले, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.